अल्कोय: तीन दिवसांची लढाई

स्पेनमध्ये आलिकांते प्रांतात डोंगरांच्या बेचक्यात हे अल्कोय, साठेक हजार वस्तीचं गाव, पूर्वी कापड आणि कागदाच्या गिरण्यांवर जगणारं. एप्रिलमध्ये संत जॉर्जचा सण आला की तीन दिवस इथे मूर, म्हणजे जुन्या काळचे स्पेनमधले मुसलमान, आणि ख्रिश्चन यांच्यात लुटुपुटूची लढाई जुंपते.

ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो अल-अझ्रक. मूर म्हटलं की आपल्याला वाटतं समुद्रापलीकडून आलेली फौज, पण हा इथल्याच दऱ्याखोऱ्यातला मुसलमान सरदार, आरागॉनच्या ख्रिश्चन राजाशी, जाउमेशी, आधी तह केला, मग बंड केलं, आणि १२७६ मध्ये अल्कोयवर चालून आला तेव्हा लढाईत मारला गेला. गावकऱ्यांची श्रद्धा अशी की त्या दिवशी खुद्द संत जॉर्ज घोड्यावरून धावून आले.

पुढे १६०९ पासून इथल्या मुसलमानांच्या वंशजांना देशाबाहेर हाकललं. आज त्यांचे फेटे आणि झगे गावातलेच कॅथलिक लोक चढवतात, आणि किती मानानं चढवतात ते बघा. पहिल्या दिवशी सकाळी ख्रिश्चन मिरवणुकीनं येतात, दुपारनंतर मूर. खांद्याला खांदा लावून दहा-अकरा जणांची एकेक रांग, पुढे तलवार फिरवणारा म्होरक्या, मागे बँड, आणि चाल इतकी संथ की एक पाऊल पडेपर्यंत आपलाच श्वास अडकतो. या सणासाठी खास संगीत रचायची सुरुवातही इथलीच, १८८२ साली हुआन कान्तो यांनी 'महोमेत' लिहिलं तेव्हापासून.

तिसऱ्या दिवशी ठासणीच्या बंदुकांचा असा बार उडतो की चौकातला लाकडी किल्ला धुरात दिसेनासा होतो. मूरांचा दूत येऊन काव्यात शरणागती मागतो, ती नाकारली जाते, मग लढाई. सकाळी किल्ला मूरांचा, दुपारी परत ख्रिश्चनांचा, आणि शेवटी तटावर संत जॉर्ज झालेला लहान मुलगा बाण सोडतो.

बायकांना यात बरोबरीची जागा मिळायला मात्र फार उशीर लागला, आणि त्यासाठी त्यांना झगडावं लागलं, हेही सांगायलाच हवं.

दोन्ही बाजूंना १४-१४ पथकं, त्यांना इथे फिला म्हणतात. प्रत्येक बाजूचं कप्तानपद तिच्या पथकांत पाळीपाळीनं फिरतं, म्हणजे एका पथकाकडे ते १४ वर्षांतून एकदाच येतं, आणि त्या वर्षीचे पोशाख, घोडे, बँड, नाच या सगळ्याचा मोठा खर्च त्या कप्तानावर आणि त्याच्या पथकावर असतो, म्हणून लोक त्यासाठी कित्येक वर्षं आधीपासून पैसे साठवतात.