पाकिटावरचा रुपया

[दृश्य : बॅलार्ड पिअर, सकाळ. टॅक्स्यांमधून उतरणाऱ्या बॅगा.]

बॅलार्ड इस्टेटच्या शांत रस्त्यांवर सकाळीच टॅक्स्यांची रांग लागली की समजायचं, आज बोट आहे. आजी व्हीलचेअरवर, पोरांच्या डोक्यावर नव्या टोप्या, कुणाच्या तरी पिशवीत चकल्यांचा डबा. 2025च्या सप्टेंबरात इथल्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. बोटीवरची सुट्टी आता आपल्यासारख्यांच्याही घरात शिरली आहे, म्हणून तिच्या बिलातल्या एका ओळीबद्दल बोलायला हवं.

ती ओळ मी पहिल्यांदा वाचली आमच्याच सहलीत. सिंगापूरहून चार रात्री. आई, बाबा, बहीण आणि मी. तिकिटाचे पैसे गिरगावात बसूनच भरलेले, जेवणखाण त्यातच धरलेलं. शेवटच्या रात्री दाराच्या फटीतून बिल आत सरकलं. ग्रॅच्युइटी, म्हणजे बोटीवरच्या नोकरांची टिप, माणशी रोज 18 डॉलर. चौघांचे चार रात्रींचे 288. डॉलर 85 रुपयांचा धरला तरी साडेचोवीस हजारांच्या घरात.

[दृश्य : पलंगावर टॉवेलचा हत्ती.]

आईने तोवर टेबलावर एक पाकीट काढून ठेवलं होतं. लग्नामुंजीत आहेराला देतो तेच, कोपऱ्यात रुपयाचं नाणं चिकटवलेलं. आत दहा डॉलरची नोट. आमची खोली आवरणारा मुलगा इंडोनेशियाचा. रोज संध्याकाळी टॉवेलांच्या घड्या घालून पलंगावर काहीतरी करून ठेवायचा. एकदा हंस, एकदा माकड. हत्ती केला त्या दिवशी त्याने आईचा वाचायचा चष्मा हत्तीच्या सोंडेवर चढवला होता. आईला त्याच्या हातात काहीतरी ठेवायचं होतं, आणि इथे कुणीतरी तिच्या आधीच तिच्या नावाने देऊन मोकळं झालं होतं.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले, आकडा असा सोडत नाहीत. ते बिल घेऊन काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने काही वाद घातला नाही. नको असेल तर काढता येईल म्हणाली आणि एक फॉर्म पुढे केला.

बक्षिसी आपल्याला नवी नाही. दिवाळी आली की वॉचमन, पोस्टमन, लिफ्टमन, कचरा नेणारी बाई, सगळ्यांचं पोस्त आपण काढून ठेवतो. कुणाला किती, हे घरात बसून ठरतं आणि दारात उभं राहून दिलं जातं. बोटीवरही पूर्वी असंच होतं. जेवायचं टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला, शेवटच्या रात्री प्रवासी त्याला आणि खोली आवरणाऱ्या केबिन स्टुअर्डला पाकीट देत. 2000च्या सुमारास पद्धत बदलू लागली. कधीही जेवा, कुठेही बसा. मग रोज नवा वेटर, पाकीट द्यायचं कुणाला? कंपन्या रोजची ठरावीक रक्कम थेट प्रवाशाच्या खात्यावर लावू लागल्या. आज मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या बोटींवर साध्या खोलीसाठी ती माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर आहे, मोठ्या आलिशान खोलीला त्याहून जास्त. लहान मुलांनाही ती बहुतेक ठिकाणी मोठ्यांइतकीच लागते. बारमधल्या पेयांवर 18 ते 20 टक्के निराळे. आणि ते आधीच लागलेले असतानाही सहीच्या पावतीवर आणखी टिप लिहायला एक रिकामी रेघ असते. ती रिकामी सोडली तरी चालतं, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

[दृश्य : वसईतलं घर. कपाटावर मोठी बॅग.]

बाबांनी फॉर्मवर सही करण्याआधी मी दादाला मेसेज केला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. तो बोटीवर केबिन स्टुअर्ड आहे, आणि तेव्हा साइन ऑफ होऊन, म्हणजे कंत्राट संपवून, वसईला घरी आला होता. त्याचं उत्तर लगेच आलं : काकांना सांग, काढू नका.

नंतर घरी बसून त्याने सगळं समजावलं. त्याच्या वाट्याला अठरा खोल्या, काही सफरींत दिवसातून दोनदा आवरायच्या. आठ-आठ महिन्यांचं कंत्राट, त्यात रविवार नाही. 2013पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार 24 तासांत किमान 10 तास विश्रांती द्यावी लागते. त्यावरूनच कामाचा दिवस केवढा लांब असतो ते कळतं. कंत्राटात लिहिलेल्या पगाराचा मोठा भाग याच ग्रॅच्युइटीतून भरला जातो. ती रक्कम एकत्र जमते आणि वाटली जाते. आपल्याला कधी न दिसणाऱ्या माणसांनाही तिच्यातला वाटा मिळतो : खालच्या मजल्यावर चादरी धुणारे, भांडी घासणारे. आणि ज्या प्रवाशाने ग्रॅच्युइटी काढून घेतली, त्याने हातात दिलेली रोख टिपही दादाच्या बोटीवर जमा करावी लागते. म्हणजे बाबांनी सही केली असती, तर आईचं पाकीटही त्या मुलाकडे राहिलं नसतं.

हे ऐकल्यावर मला त्या ओळीचा खरा राग आला, कारण ती बक्षिसी नाहीच. तो पगार आहे. तो मालकाने द्यायचा आणि तिकिटात धरायचा. तसं न करता तिकीट स्वस्त दाखवायचं, आणि शेवटच्या रात्री प्रवासी आणि नोकर यांना समोरासमोर उभं करायचं, हे मला पटत नाही.

दुसरा रस्ता नाही असंही नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने 2019मध्ये हा रोजचा आकार बंद करून खर्च भाड्यातच धरला. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022ला सांगितलं की हॉटेल आणि रेस्टॉरंटांनी बिलात सेवाशुल्क आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावानेही नाही. 28 मार्च 2025ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. दादरच्या हॉटेलात बिलावर ते दिसलं, तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण सिंगापूरहून सुटणाऱ्या परदेशी झेंड्याच्या बोटीवर या सूचना कामाला येत नाहीत. तिथे आपल्या हातात एकच गोष्ट उरते, बुकिंगच्या वेळीच आकडा विचारणं.

[दृश्य : टूर एजंटचं ऑफिस. पेन, कॅल्क्युलेटर.]

बाबांनी तो फॉर्म कोराच परत केला. यंदा पुन्हा बोटीचं ठरतंय. एजंट खिडकीवाल्या खोलीचं वर्णन करत होता, बाबांनी त्याला मध्येच थांबवलं. माणशी, रात्रीचे किती? आधी भरता येतात का? पेयांवर किती टक्के? उत्तरं त्यांनी भाड्याच्या आकड्याखाली लिहिली, बेरीज केली, खाली दोन रेघा मारल्या आणि कागद आईपुढे सरकवला.

आईने तो नीट वाचला.

"बरं," ती म्हणाली, "आणि पाकीट वेगळं."