सुटून आलेला माणूस आणि गल्लीचा राग

मागच्या वर्षी आमच्या पेठेत एका घरासमोर शंभरेक माणसं जमली, पोक्सोच्या, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसमधली शिक्षा संपवून एकजण कळंबा जेलमधनं सुटून आईकडं आला होता आणि "ह्याला हितं ठेवायचा न्हाई" एवढंच सगळ्यांचं म्हणणं. मी पण त्या गर्दीत होते. माझी पोरगी त्याच बोळातनं क्लासला जाते, त्यामुळं त्या रागाला मी आजही चूक म्हणणार नाही. चार दिवसांत तो गेला. कुठं गेला ते कुणालाच माहीत नाही, आणि खरं सांगते, मला भीती त्याचीच वाटते.

कारण गुन्हा किती घाण होता हा एक प्रश्न, आणि हा परत करेल का हा वेगळाच. आपण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवून मोकळे होतो. कॅनडाचे कार्ल हॅन्सन आणि इंग्लंडचे डेव्हिड थॉर्नटन यांनी १९९९ मध्ये असा माणूस परत गुन्हा करण्याचा धोका मोजायला स्टॅटिक-९९ नावाची मोजपट्टी तयार केली, त्यात दहाच गोष्टी बघतात: वय किती, आधी असले गुन्हे किती, कुणाबरोबर सलग दोन वर्षं संसार केलाय का, अत्याचार घरच्यावर केला की बाहेरच्यावर, ओळखीच्यावर की अनोळखीवर, असं. किती रडला, किती माफी मागितली याचे मार्क त्यात नाहीत, कारण नुसत्या कबुलीवरनं पुढचं फारसं कळत नाही असंच अभ्यासात दिसलंय. ती पट्टी तिकडच्या कैद्यांवर बेतलेली आहे, इथं जशीच्या तशी लावता येणार नाही हे पण लक्षात ठेवा.

हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००५ मध्ये ८२ अभ्यास एकत्र केले, तर पाच-सहा वर्षांत परत लैंगिक गुन्ह्यात सापडलेले १३.७ टक्के निघाले. सापडलेले, हा शब्द महत्त्वाचा आहे, किती प्रकरणं पोलिसांपर्यंत जातच नाहीत हे इथं बसलेल्या बायकांना मी काय सांगायचं. तरी पण "हे सगळे परत करतातच" हे आपलं वाक्य काही खरं ठरत नाही. काहींचा धोका लई मोठा असतो, काहींचा कमी, आणि बाहेर राहून जेवढी वर्षं नीट जातात तेवढा तो उतरत जातो. मग राहायला खोली नाही, हाताला काम नाही, विचारणारं कुणी नाही अशा माणसाला आपण हाकलतो, तेव्हा पुढच्या गावातल्या पोरींचं आपण काय केलं?

कॅनडात हॅमिल्टनला १९९४ मध्ये मेनोनाईट चर्चच्या लोकांनी अशाच एका सुटून आलेल्या माणसाभोवती चार-पाच जणांचं मंडळ केलं. ते त्याला भेटायचे, मदत करायचे आणि नजर पण ठेवायचे. आपल्या तालमीच्या पोरांना हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

आपल्याकडं २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची देशभराची यादी आहे, ती फक्त पोलिसांना बघता येते, आणि ती सगळ्यांना खुली करा असं लोक म्हणतात. पण बलात्काराच्या केसेसमध्ये ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो, हे सरकारचेच आकडे आहेत. ज्याच्यावर कधी केसच झाली नाही तो कुठल्या यादीत दिसणार?

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर मागच्या घरातली एक बाई माझ्याजवळ थांबली. हळूच म्हणाली, "मॅडम, माझी पोरगी तिच्या चुलत्याकडं जायचं म्हटलं की रडती." शंभर माणसांत तिला ते बोलता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन या म्हटलं. आली.