कशासाठी? आणि किती दिवस?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय हॉस्पिटलमधल्या अँटिबायोटिक्सबद्दल. सर्दीला उगाच गोळ्या घेऊ नयेत वगैरे तुम्हाला माहितीच आहे, ते परत सांगत बसत नाही. मी बोलतेय ते पेशंट ॲडमिट झाल्यावर जी इंजेक्शनं सुरू होतात त्यांच्याबद्दल. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, म्हणजे कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालेल हा रिपोर्ट माझ्या सहीनं वॉर्डात जातो.

दोनच प्रश्न लक्षात ठेवा. कशासाठी? आणि किती दिवस?

आता एका आजींची गोष्ट सांगते. मी नोकरीला नवीन होते तेव्हाची. आजी ऐंशीच्या पुढच्या, अंगणात पडून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, लघवीची नळी अजून तशीच. एक दिवस त्यांची लघवी कल्चरला आली, म्हणजे प्लेटवर लावून जंतू वाढतात का ते बघायला. दोन दिवसांनी प्लेट बघितली तर क्लेबसिएला नावाचा जंतू भरभरून वाढलेला, आणि औषधांच्या यादीत आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट, एकही चालेना. सगळ्यात खाली एकच नाव उरलं, कोलिस्टिन. मी सही केली, रिपोर्ट पाठवला, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला आपण मोठं काम केलं असं वाटलं होतं.

कोलिस्टिन म्हणजे अगदी शेवटचं औषध, किडनीला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी मधे कित्येक वर्षं बाजूला ठेवलेलं, बाकीची औषधं चालेनाशी झाली तेव्हा नाइलाजानं परत काढलं. (आणि हेच औषध आपल्याकडे कोंबड्यांना वाढ चांगली व्हावी म्हणून खाद्यातून घालत होते, जुलै २०१९ मध्ये सरकारनं बंदी घातली, ती फार आधी यायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे.)

तिसऱ्या दिवशी वॉर्डातून फोन. सिस्टर होत्या, वयानं मोठ्या, आवाज एकदम शांत. म्हणाल्या, मॅडम, तुमच्या रिपोर्टवर इंजेक्शन चालू केलंय, आजींचं क्रिएटिनिन ०.९ होतं ते २.४ झालंय, पण मला एक सांगा, आजींना ताप कुठंय? (क्रिएटिनिन रक्तात वाढलं म्हणजे किडनीचं काम मंदावलं.)

मी वर गेले. आजी उशीला टेकून पेज खात होत्या. ताप नाही, पोटात दुखणं नाही, काही नाही. मला म्हणाल्या, बाई, मला बरंय की, ह्या सुईनंच मळमळतंय. मग विचारलं सँपल कुठून घेतलेलं, तर युरिनबॅगच्या खालच्या तोटीतून! त्या बॅगेत लघवी तासन्‌तास साठते, तिथे जंतू वाढणारच, आणि नळी आठवडाभर आत असली की जंतू नळीवरही घर करतात, म्हणजे लगेच आजारपण झालं असं नाही. आजींना इन्फेक्शन नव्हतंच. कागदावर जंतू होता, त्या कागदाला औषध चालू झालं. आणि तो कागद माझा होता, मी ताप आहे का हे विचारलंच नव्हतं.

त्याच दुपारी इंजेक्शन बंद झालं, नळी काढली. क्रिएटिनिन खाली यायला दहा दिवस लागले, ते दहा दिवस मी रोज वर जाऊन बघत होते.

तर परत तेच. कशासाठी? आणि किती दिवस? पेशंट खूप सिरीयस असेल तर डॉक्टर थांबणार नाहीत, थांबूही नये, पण पहिल्या डोसच्या आधी रक्ताचं कल्चर घ्यायचं, आणि दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला की परत बघायचं की हे बंद होईल का, साध्या औषधावर आणता येईल का, सुईऐवजी गोळी चालेल का. ऑपरेशनचं म्हणाल तर बहुतेक वेळा चिरा देण्याआधी तासाभरात एक डोस पुरतो, चोवीस तासांच्या पुढे सहसा लागत नाही, त्यामुळे "पाच दिवस इंजेक्शन दिलंच नाही" म्हणून नातेवाइकांनी रागावू नये, ते डॉक्टर बरोबर करतायत.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलं की अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा. म्हणजे कशासाठी. तेही वाचता येईल असं लिहावं, आणि डिस्चार्ज कार्ड तर मराठीतच द्यावं, ज्याचं शरीर आहे त्याला आपल्याला काय दिलं ते वाचता येऊ नये हे मला अजिबात पटत नाही.

तुमचं माणूस ॲडमिट असेल तर राउंडच्या वेळी नीट, आदरानं विचारा, डॉक्टर, हे अँटिबायोटिक कशासाठी, आणि किती दिवस? "भारीतलं द्या" म्हणून मागे लागू नका. आणि सिस्टर काही विचारत असतील तर डॉक्टरांनी ऐकावं, चाळीस पेशंटना दोन सिस्टर असतात तरी ताप कोणाला आहे हे त्यांनाच आधी कळतं.

आता आमच्याकडे लघवीची बाटली आली आणि फॉर्मवर "ताप आहे का" हा रकाना रिकामा असला की मी प्लेट लावायच्या आधी वॉर्डला फोन लावते. नमस्कार.