बघून झिजतं का?

[दृश्य: अजिंठा, लेणं क्रमांक १. मंद उजेड.]

उन्हातून आत आलं की मिनिटभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू भिंतीतून पद्मपाणी, चित्रातला बोधिसत्त्व, वर येतो. हातात कमळ, पापण्या झुकलेल्या. गंगाखेडकडच्या एक आजी पदर सावरून पुढं होतात.

"आज्जे, हात नगा लावू," गार्ड म्हणतो.

"कामून रे बाबा? देवच हाय ना?"

आजींसाठी हे दर्शन. शेजारी उभी असलेली कलाशाखेची पोरगी मघापासून नुसती बोटांचा बाक बघतेय, तिला देवाशी घेणंदेणं नाही. चित्राचा अर्थ दोघींचा वेगळा, आणि दोघींचाही खराच. भिंतीला मात्र आजींच्या हाताचा घाम आणि त्या पोरीचा श्वास सारखाच.

[दृश्य: गिलाव्याचा उखडलेला कोपरा.]

हा गिलावा म्हणजे माती, भाताचं तूस, गवत, झाडांचे तंतू. वर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, काजळी; निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, थेट अफगाणिस्तानातून आलेला. मातीच्या घराला पोतेरा दिलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं, ओल धरली की पोपडा सुटतो.

१९२० साली, निजामाच्या राजवटीत, इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि ऑर्सिनी हे दोन जाणकार इथं आले. सुटलेले पोपडे त्यांनी जागच्या जागी बसवले. ते केलं नसतं तर आज आजींना दर्शन कशाचं झालं असतं, कोण जाणे. पण वरून त्यांनी शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या वॉर्निशचा हात दिला. चित्रं झळकली. पुढं तोच थर पिवळा-तपकिरी पडला, आणि तो उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची वर्षं गेली. इटालियनांना बोल लावावासा वाटत नाही. तेव्हाची रीतच ती होती. तरी राहून राहून वाटतं, एका कोपऱ्यात लावून दहा पावसाळे थांबले असते तर?

[दृश्य: वेरूळ.]

वेरूळची गोष्ट उलटी. तिथल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी २०१६ साली मांडलं. त्यांच्या मते त्यामुळंच तिथला गिलावा किड्यांपासून वाचला. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथं किड्यांनी चित्रं बरीच खाल्ली. बातमी अर्थातच भांगेमुळं गाजली! पण म्हणून उद्या प्रत्येक डागडुजीत भांग कालवा, असा आदेश काढायचा का? दोन्हीकडचा डोंगर, ओल, वटवाघळं, माणसांची वर्दळ, सगळं ताडून बघावं लागेल. एवढा धीर फायलीला नसतो.

[दृश्य: फर्दापूरचा टी-पॉइंट. बसची रांग.]

इथं मात्र धीर धरलेला दिसतो. खाजगी गाड्या चार किलोमीटर अलीकडंच थांबतात, धूर लेण्यांपर्यंत पोचू नये म्हणून. आत फ्लॅश बंद. प्रवासी कुरकुरतात. नुसतं "हात लावू नका" ऐकलं की गावाकडच्या माणसाला तो आपला अपमान वाटतो. कारण कळलं की तोच माणूस मागच्याला दटावतो.

[दृश्य: पुन्हा लेणं १.]

गार्डनं आजींना घामाचं सांगितलं. आजींनी लांबूनच हात जोडले. मग जरा थांबून विचारलं,

"अन् बघून बघून झिजत न्हाई का रे?"

"झिजतं की आज्जे. समदे श्वास घेतेत ना इथं. म्हणून तर म्हणतो, चला आता, मागं रांग लागलीय."