मेसा व्हर्डे: भिंतींआधी पाणी बघा

(दृश्य: कड्याखालची कपार, आत क्लिफ पॅलेस)

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यान. समोर क्लिफ पॅलेस, कपारीत बांधलेली जुनी दगडी वस्ती: सुमारे १५० खोल्या आणि २३ कीव्हा, म्हणजे जमिनीत खोदलेल्या गोल खोल्या. विद्यार्थ्यांचे कॅमेरे लगेच मनोऱ्याकडे वळतात. आधी बघायची ती कपारीची मागची बाजू.

पठारावर पडलेलं पावसाचं, बर्फाचं पाणी वालुकाश्मातून झिरपत उतरतं. खाली शेलचा, म्हणजे पाणी न झिरपू देणाऱ्या चिकणमातीच्या दगडाचा, थर लागला की अडतं आणि आडवं सरकत कड्याच्या तोंडाशी पाझरतं. थंडीत ते दगडाच्या फटींत गोठून फुगतं, ढलप्या सुटतात. कपार अशी कोरली गेली. प्यायला झरा मिळाला, तोही याच पाण्याचा.

(दृश्य: भिंतीचा सांधा, जवळून)

११९०च्या दशकापासून पुएब्लो या इथल्या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांनी या कपारींत घरं बांधली. वालुकाश्माचे ठोकळे कठीण दगडानं ठोकून घडवले. माती, राख आणि पाण्याचा गारा भरला, त्यात बारीक चिपा ठोकल्या. हा गारा अजून तग धरून आहे, पण प्रत्येक गट भिंतीला टेकला तर धरणार नाही. हात लावू नका.

शेती वर पठारावर: मका, घेवडा, भोपळा. ये-जा कड्यात कोरलेल्या हातापायांच्या खोबणींतून.

छताच्या तुळयांमधली वर्तुळं झाड कधी तोडलं ते सांगतात. मात्र सालीलगतचं शेवटचं वर्तुळ शाबूत हवं. शिवाय जुन्या घराची तुळई नव्या घरात वापरलेली असू शकते, म्हणून एकाच तुळईवरून घराचं वय ठरवू नये. अरुंद वर्तुळं कोरडी वर्षं दाखवतात. १२७६ ते १२९९ या काळात अशी वर्षं ओळीनं आली. दुष्काळ हे एकच कारण नसावं, पण १३००च्या आसपास वस्ती हलली. ‘गूढरीत्या नाहीसे झाले’ असं वहीत लिहू नका. होपी, झुनी आणि इतर पुएब्लो समाज त्यांचेच वंशज आहेत.

(दृश्य: बाल्कनी हाऊसची शिडी)

क्लिफ पॅलेस आणि बाल्कनी हाऊस या कपारीतल्या दुसऱ्या वस्तीत रेंजर, म्हणजे उद्यानाचा कर्मचारी, सोबत असेल तरच जाता येतं. तिकीट आधी काढा. बाल्कनी हाऊसला ३२ फुटी शिडी आहे, पुढे १२ फूट लांब आणि जेमतेम १८ इंच रुंद बोगदा. फुगलेली पाठपिशवी तिथेच अडकते. उंची सुमारे ७,००० फूट, हवा कोरडी. तहान लागायच्या आधीच पाणी प्या.

स्प्रूस ट्री हाऊस ही कपारीतली आणखी एक वस्ती. ती दगड कोसळल्यामुळे २०१५पासून बंद आहे. उद्यानातल्या संग्रहालयाजवळून ती समोर दिसते. दुर्बीण जवळ ठेवा.