महाराजांची तसबीर आणि एक अर्ज

[सकाळ. दांडिया बाजारातली गल्ली, जुन्या घराची लाकडी गॅलरी. खाली भाजीवाल्याशी चाललेली अर्धी मराठी, अर्धी गुजराती घासाघीस.]

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरात देवघराबाहेरही एक तसबीर असते. पगडी घातलेले सयाजीराव महाराज. आमच्याकडे ती बैठकीत होती. नळाला पाणी आलं नाही किंवा रस्ता खणून तसाच टाकला, की आजोबा तिच्याकडे बघून म्हणायचे, "महाराजांच्या वेळी हे चालायचं नाही हो." महाराज गेले 1939 मध्ये. आजोबा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे. पण त्यांच्या बोलण्यात शंकेला जागाच नसायची.

राजा चारित्र्यवान हवा, हे बडोदं इतकं छातीठोक सांगतं, कारण याच गादीवर त्याआधी मल्हारराव बसले होते.

[जुनी छायाचित्रं. नजरबाग. तोफांचे गाडे.]

मल्हारराव गायकवाड 1870 मध्ये गादीवर आले. त्याआधी त्यांच्या सख्ख्या भावानं, खंडेरावांनी, त्यांना पादरा गावी कैदेत ठेवलं होतं. सुटले ते थेट सिंहासनावर. त्यांच्या सोन्याच्या तोफांच्या गोष्टी आजही सांगतात. शेतसाऱ्याखाली पिचलेल्या कुणब्याच्या गोष्टी फारशा कुणी सांगत नाही. 1874 मध्ये दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले, घडी बसवायला. काही महिन्यांतच राजीनामा देऊन निघून गेले.

त्याच सालच्या नोव्हेंबरात रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल हे विष सापडलं, हिऱ्याची पूड असल्याचंही बोललं गेलं. संशय मल्हाररावांवर. इंग्रजांनी चौकशीला सहा जण नेमले, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी सदस्यांत ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. मत पडलं तीन विरुद्ध तीन. इंग्रजांच्या मते गुन्हा शाबीत, हिंदी सदस्यांच्या मते नाही. मग सरकारनं विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरवर्तन, गैरकारभार एवढ्यावरच मल्हाररावांना काढलं. एप्रिल 1875. रवानगी मद्रासला.

गैरकारभार होताच. पण त्यावर निवाडा दिला परक्या सत्तेनं, तिच्या सोयीनं. ज्या रयतेनं तो सोसला, तिला कुणी विचारलंच नाही. म्हणून तर पुण्यामुंबईच्या मराठी लोकांना मल्हाररावांसाठी हळहळ वाटली. वाईट राजाला प्रजेसमोर जाब द्यावा लागला नाही, हे लक्षात ठेवा. पुढे चांगला राजा आला तरी ती सोय झालेली नव्हती.

[कवळाण्याचं शिवार. मग लक्ष्मीविलास पॅलेस, दुरून.]

खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक घेतला. गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव, वय 12, अक्षरओळख जवळजवळ नाही. "इथं कशाला आलास?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "राज्य करायला," ही गोष्ट बडोद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. असलं हजरजबाबी बालपण नंतर सगळ्याच थोरांना चिकटवतात, म्हणून मी ती फार मनावर घेत नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं शिकणं. दिवाण टी. माधवराव त्याला राजानं काय करावं, त्याहून जास्त काय करू नये, याची व्याख्यानं द्यायचे. डिसेंबर 1881 मध्ये सयाजीरावांच्या हाती कारभार आला.

1893 मध्ये अमरेलीत थोड्या गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं. आधी थोडक्या जागी करून बघायचं, मग वाढवायचं. 1906 मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू झालं. 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आला आणि पुस्तकं पेट्यांत भरून खेडोपाडी फिरू लागली. वाचता येणारा माणूस उद्या राजालाच प्रश्न विचारणार. तो विचारता येईल अशी प्रजा राजानं स्वतःहून घडवावी, याला मी चारित्र्य म्हणतो.

[1911 च्या दिल्ली दरबारातली गर्दी.]

पण तसबिरीत न मावणारंही सांगायला हवं. दिल्ली दरबारात सयाजीराव महाराज इंग्रज बादशहा पंचम जॉर्जपुढे एकदाच लवले आणि पाठ फिरवून चालू लागले, हे आम्ही अभिमानानं सांगतो. नंतर त्यांनी दिलगिरीचं पत्र लिहिलं, हे सांगत नाही. त्याच सुमारास लंडनमधल्या एका घटस्फोटाच्या खटल्यात त्यांचं नाव आलं. हे सार्वभौम संस्थानिक, यांच्यावर इथं दावा चालत नाही, म्हणून कोर्टानं ते वगळलं. आरोप खरा की खोटा, हे तपासलंच गेलं नाही.

नातू प्रतापसिंहरावांनी तर 1943 मध्ये दुसरं लग्न केलं. संस्थानात द्विभार्येला कायद्यानं बंदी होती. कायदा राजाला लागू नाही, असा त्यांचा पवित्रा. 1951 मध्ये भारत सरकारनं त्यांना पदच्युत केलं.

[कमाटीबाग. तिन्हीसांजा. वडाच्या पारंब्या.]

25 नोव्हेंबर 1949. संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं भाषण. माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, या इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलच्या इशाऱ्याची त्यांनी आठवण करून दिली. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं बजावलं.

थोर राजा काय करू शकतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी. करार पाळायला सप्टेंबर 1917 मध्ये ते बडोद्याला आले.

राहायला जागा कुणी देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. रोजचा दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळीचा दिवाणखाना, एक मिणमिणता दिवा आणि वटवाघळं. कचेरीतले शिपाई फायली लांबूनच टेबलावर टाकत. महाराजांनी माणूस पारखून परदेशी पाठवला होता, पण महाराजांची नजर शिपायाच्या हातापर्यंत पोचत नव्हती.

अकराव्या दिवशी दहाबारा पारशी लाठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत खोली सोड, नाहीतर बघ. आंबेडकरांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवर ते या बागेत बसून राहिले. वडांवरून नाव पडलेल्या गावात, वडाखाली. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.

सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला होता. तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे जात राहिला, असं त्यांनीच पुढे लिहिलंय.

[अंधार. बागेचं फाटक. दुरून इंजिनाची शिट्टी.]

आठच्या सुमाराला ते उठले आणि स्टेशनाकडे निघाले. अर्जाचं उत्तर अजून यायचं होतं.