सव्वा मुठीचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

धुळे-जळगावाकडच्या कुठल्याही खेड्यात दुपारच्या वेळी कुणाच्या ओट्यावर पाय ठेवा. पाण्याचा तांब्या मागाहून येतो, "चाल जेवाले" आधी ऐकू येतं. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ताटावर बसायचं, अशी रीत. पण हीच माणसं श्रावणातल्या एका रविवारी आपल्या ताटातला घास तुम्हाला देत नाहीत. तो रविवार कानबाईचा, आपल्या खान्देशच्या देवीचा.

कानबाई तुमच्या घरातलीच, तेव्हा जास्त सांगत नाही. नागपंचमीनंतरचा रविवार, नारळालाच देवी मानून डोळे, नथ, दागिने, रात्री जागर, सोमवारी चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर विसर्जन. आता मिरवणुकीत मोठमोठे स्पीकर आले आणि बायांची अहिराणी गाणी त्यात बुडाली. गाणं ऐकूच येत नसेल तर नव्या सुनेनं ते शिकायचं कुठून? असो. आज बोलायचंय ते रोटाबद्दल, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्यांबद्दल.

रोटाचे गहू मुठीनं मोजतात. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. काही घरांत खाणाऱ्या दर माणसामागे. लक्षात ठेवा, सव्वा मूठ. मोठ्या माणसाच्या हातानं धरली तर साधारण सत्तर-ऐंशी ग्रॅम. बारा माणसं असली तर पंधरा मुठी, म्हणजे किलोच्या आतबाहेर. हे दळण इतर धान्यात मिसळू नये म्हणून गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवायचं. त्या पिठाच्या पुरणपोळ्या होतात, जोडीला खीर, कटाची आमटी, हरभऱ्याची डाळ घालून गंगाफळाची भाजी.

आणि हे रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे. घरातल्यांनीच संपवायचे. पुन्हा सांगतो, पौर्णिमेच्या आत आणि घरातल्यांनीच. आता पंचांग काढा. नागपंचमी शनिवारी आली तर दुसऱ्याच दिवशी कानबाई, हातात साधारण नऊ दिवस. नागपंचमी सोमवारी आली तर रविवार थेट एकादशीच्या आसपास, म्हणजे जेमतेम चार. श्रावणातल्या दमट हवेत पुरण दुसऱ्या दिवशीच आंबायला लागतं. म्हणून जुन्या बाया पुरण कोरडं होईपर्यंत आटवतात. पळी मधोमध उभी राहिली पाहिजे. ओलं पुरण पोळीही फाडतं आणि आंबतंही लवकर. तरी चूक होते ती मोजण्यातच. "असू दे चार मुठी जास्त" म्हणणारी सासू मग सुनांना चार दिवस तेच खायला लावते.

आता ती गोष्ट. तापीकाठच्या एका गावातली म्हणून सांगतात. गावच्या बँकेत घाटावरचा एक तरुण कारकून बदलून आला आणि एका मोठ्या घरात भाड्यानं राहिला. घरची आजी त्याला रोज हाक मारायची, "भो, चाल जेवाले." कधी कळण्याची भाकरी, कधी वांग्याचं भरीत, कधी शेवभाजी. खरी शेवभाजी हो. शहरातल्या हॉटेलांत टोमॅटोच्या रश्शावर शेव भुरभुरून देतात ती नव्हे. कांदा-खोबरं काळपट भाजलेलं, तिखट जाड शेव, आणि ती वाढताना घालायची, नाहीतर लगदा होतो. तर पोरगा घरचाच झाला.

श्रावण आला. रविवारी घरभर वेलची-जायफळाचा वास. पोरगा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून वाट बघत बसला. हाक नाही. एक वाजला, दोन वाजले. मग आजी स्वतः आली, शेजारच्या घरून आणलेली भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन. ताट ठेवलं आणि काही न बोलता गेली. पोरगा चिडला. त्याला वाटलं, आपली जात निघाली की भाडं थकलं? दाराच्या फटीतून बघतो तर पंगतीत दीड महिन्याचा नातू मांडीवर, आणि त्याच्या नावाचीही पोळी वाढलेली! ती त्याची आई खातेय.

संध्याकाळी त्यानं विचारलंच, "आजी, ज्याला दात नाहीत त्याला पोळी, आणि मला भाकरी?"

आजी हसली. म्हणाली, "भो, त्याले दात नई शेत, पन मूठ शे. तू आम्हना मुठमा नई शे."

म्हणजे बघा, राग नव्हता, जात नव्हती, भाडंही नव्हतं. हिशेब होता. गहू मोजले तेव्हाच पंगत ठरली.

असा हिशेब फक्त आपणच करतो असं नाही. ज्यू लोकांच्या वल्हांडण सणाचा जुना नियम बघा: कोकरू घरातली माणसं मोजून घ्यायचं, परक्यानं त्यातलं खायचं नाही, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही, उरलंच तर जाळायचं. मैलोगणती दूरचे लोक, आणि रोटाचाच नियम. उलट शीखांचा लंगर: तिथं कोण आलं हे कुणी विचारत नाही, एका ओळीत बसा आणि खा. एकीकडे जेवणानं घराची कड आखली, दुसरीकडे तीच कड पुसली. मला विचाराल तर कित्येक घरांत लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही रोट देत नाहीत, ते काही पटत नाही. देवी बाईची, रांधणाऱ्या बाया, आणि लेकच मुठीबाहेर.

तर गोष्टीचा शेवट राहिला. पुढच्या श्रावणात गिरणीवर रांगेत कोण उभं? तोच कारकून, आजीचं दळण डोक्यावर घेऊन. गिरणीवाल्यानं विचारलं, "किती मुठी रे?"

"गेल्या साली साडेसतरा," पोरगा म्हणाला, "यंदा पावणेएकोणीस. धाकल्या सुनेला मुलगा झाला."

आणि दळण घरी पोचवून तो स्वतःच शेजारच्या घरी भाकरी सांगायला गेला.